गवंड्याच्या मापाचं घर

समुद्राकाठच्या त्या वस्तीत घरं उंच होत नसत, घरातली जमीन तेवढी वर येई. शहराने बोअर मारमारून जमिनीच्या पोटातलं पाणी उपसलं, मासे वाढवायच्या तळ्यांसाठी किनाऱ्यावरची तिवरांची झाडं तोडली. मग खालून जमीन बसायला लागली आणि समोरून समुद्र घरात यायला लागला. मोठ्या भरतीला आलेलं पाणी जायचं नाव घेईना. लोक घरात डबर टाकत, त्यावर कोबा करत. छप्पर मात्र जिथल्या तिथे.

हे काम वस्तीतला गवंडी करी. त्याच्या स्वतःच्या घरात खिडकी घोट्याशी आली होती. पंखा कधीच उतरवला होता, नाहीतर एखाद्याचं मुंडकंच उडायचं. दुपारी पत्र्याखाली जीव नुसता उकडून निघे.

नोकरीसाठी बाहेर राहणारा मुलगा दोन वर्षांनंतर सुट्टीवर येणार होता. त्याने आता इथंच राहावं, एवढी एकच आस गवंड्याला उरली होती.

"कोरडी जमीन बघितली की राहतोय बघ," तो बायकोला म्हणाला आणि पुन्हा डबर आणलं.

दुसऱ्यांकडे तो घरातल्या सगळ्यात उंच माणसाला पत्र्याखाली उभं करून माप घेई. स्वतःच्या घरात मात्र गडी स्वतःच उभा राहिला. डोकं पत्र्याला लागत नाही म्हटल्यावर त्याने खुशाल कोबा घोटला. आरशासारखा गुळगुळीत!

ताडमाड वाढलेला मुलगा दारातून वाकून आत आला, सरळ झाला आणि धाडकन पत्र्यावर आपटला.

"बाबा, मला अर्धा कापून ठेवणार होतात का?" तो डोकं चोळत हसला. आई हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

सगळी सुट्टी पोराने बसून नाहीतर आडवं पडून काढली. निघताना रस्त्यावर येऊन त्याने कंबर ताठ केली.

"चला दोघं माझ्याकडे. खोली एवढीशी आहे, पण उभं राहता येतं."

"आणि या घराचं काय?"

"बाबा, मी आता इथं येणार नाही."

गवंड्याने त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "गाडी चुकेल तुझी."

पुढच्या मोठ्या भरतीला नव्या कोब्याच्या कोपऱ्यातून पाणी वर आलं. बायकोने भांडी पलंगावर ठेवली. गवंड्याने डबराची पहिली पाटी ओतली, पसरली.

"जरा यावर उभी राहा."

ती उभी राहिली. तिचा अंबाडा पत्र्याला टेकला.

"अहो, आता?"

त्याने वर पत्र्याकडे पाहिलं.

"बस खाली," तो म्हणाला.

ती बसली. मग त्याने तिच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत माप घेतलं आणि दुसरी पाटी आणायला गेला.