गौरीचा एक हात

लग्नानंतरची जान्हवीची पहिली गौर, आणि सासूबाईंनी तिच्यावर एकच काम सोपवलं होतं: कुंपणावरची कळलावी सांभाळायची. माळव्यातल्या धारच्या या घरी गौरीचे हात त्या वेलीच्या फुलांचे करायची रीत. लाल-पिवळ्या, बोटं पसरल्यासारख्या पाकळ्या. एक फूल उजवा हात, एक डावा. एवढं सांगून सुनेत्राबाई लेकीच्या बाळंतपणाला मनावर गावी गेल्या, आणि इकडे वेलीवर अळ्या आल्या.

काळं अंग, त्यावर पांढरे ठिपके, मधूनच लाल. जणू हळदीकुंकवाला नटून निघाल्यात. पानं संपवून कळ्यांना लागल्या.

"भाभी, दवा मार दो, सुबह तक सब साफ!" शेजारच्या भियांनी, म्हणजे भैयांनी, फवारणीचा पंपच आणून दिला.

देवासच्या कंपनी क्वार्टरमध्ये वाढलेली जान्हवी, अळ्यांचं तिला काही ठाऊक नव्हतं. दुसरं काही खातात का बघावं म्हणून तिने आधी अळ्या परातीत घेतल्या, पुढ्यात मेथी ठेवली, जास्वंदीची पानं ठेवली. छे! नुसत्या फिरत राहिल्या, तोंड लावीनात. पुन्हा वेलीवर सोडल्या, तर भुकेल्या पोरांसारख्या पानाला भिडल्या. तिने पंप तसाच परत केला. आता सासूबाईंना काय सांगायचं, याची जुळवाजुळव ती रोज वेलीपाशी उभी राहून करू लागली.

अळ्या टम्म झाल्या नि मातीत शिरल्या. मागे उरले देठ आणि शेंड्याला एक कळी.

गौरी यायच्या दिवशी सुनेत्राबाई आल्या त्या थेट कुंपणाशी. कळी उमलली होती. शेजारच्या देठावर एक पतंग बसला होता. करड्या पंखांवर लाल-पिवळी नक्षी, पैठणीच्या पदरासारखी. जान्हवीने खाली मान घालून सगळं सांगितलं, मेथीसकट.

"मेथी!" सासूबाईंना हसू आवरेना. "अगं, कळलावी नाहीतर लिली, दुसरं खात नाहीत त्या. मी दरवर्षी वेचून साबणाच्या पाण्यात टाकते." मग त्या पतंगाकडे बघत राहिल्या. "म्हणून हे रूप कधी दिसलंच नाही मला. बरं झालं, तू होतीस. कंद शाबूत आहे, वेल येईल पुन्हा."

पूजेला बसताना सासरे दत्तोपंत म्हणाले, "अहो, देवीला एकच हात? दुसरा कुठाय?"

"लेकरांना भरवतोय," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि निरांजन लावू लागल्या.

जान्हवीने गौरीला नमस्कार केला, मग सासूबाईंना. दुसऱ्या नमस्काराला ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली.