आतली बाजू

“अहो, दमला असाल. बसा थोडं, मी चहा आणते.”

बायकोच्या तोंडून हे ऐकलं आणि सुताराचा हातोडा खिळ्यावर पडायचा तो अंगठ्यावर पडला. अंगठ्यापेक्षा काळजातच जास्त कळ आली.

कारण या बाईला सगळी गल्ली ‘करवत’ म्हणत असे, आणि तेही दबक्या आवाजात. ती बोलली की ओल्या लाकडाला तडा जाई. दारावर आलेल्या विमा एजंटाला तिने एकदा असं काही सुनावलं, की त्याने दुसऱ्याच दिवशी स्वतःचा विमा उतरवला. गल्लीतली कुत्री तिला पाहून शेपूट घालून पलीकडच्या बाजूने जात. यात अतिशयोक्ती असलीच, तर ती शेपटीपुरती.

अशी बाई आठवडाभर मधात घोळून बोलत होती. कामाचा भुसा थेट उशीवर आला, तर म्हणाली, “असू द्या हो.” चष्मा हरवला, तर “सापडेल हो.” एरवी म्हणाली असती, “आता डोळेही हरवा, म्हणजे शोधायची कटकट नको.” पाणी कुठेतरी मुरत होतं.

“काही फोडलंस का?”

“नाही हो.”

“तुझा भाऊ राहायला येतोय?”

“छे हो.”

हा ‘हो’च त्याला कुसळासारखा टोचत होता.

चर्चमधल्या लोकांच्या शवपेट्या तोच बनवी. त्या दुपारी तो बिजागऱ्या घेऊन परतला, तर कारखान्यात करवत. एका तयार पेटीचं झाकण उघडून ती आतल्या फळीवर हात फिरवत होती आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. मरायला टेकलेली माणसं गोड होतात, हे सुताराने धंद्यात पाहिलं होतं.

“कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं? आत्ताच्या आत्ता बोल!”

“मला काय धाड भरलीय? मी तर तुम्हाला पोचवल्याशिवाय...” तिने जीभ चावली. मग हळूच म्हणाली, “जाऊबाईंचं म्हणतेय. त्यांचं आता काही खरं नाही, असं ऐकलं.”

जाऊबाई म्हणजे सुताराच्या थोरल्या भावाची विधवा. भावाची पेटी सुतारानेच केली होती. त्या पेटीपाशी उभं राहून, भर चर्चमध्ये, करवत म्हणाली होती, “सुटले बिचारे, हिच्या तावडीतून.” तेव्हापासून एक जाऊ डाव्या बाकावर, एक उजव्या, आणि दोघी एकाच प्रभूला एकमेकींवर आवाज चढवून आळवत.

“पाळक म्हणाले, ज्या तोंडाने प्रार्थना करता त्याच तोंडाने माणसं सोलता. ऐकत सगळं चर्च होतं, पण मान माझीच खाली गेली. क्षमा मागायचीय त्यांची. रोज देवाकडे हेच मागणं मागते. पण या जिभेचा भरवसा नाही, म्हणून आधी तुमच्यावर सराव.”

“म्हणजे आठवडाभर मी लाकडाचा तुकडा होतो?”

“टाकाऊ तुकडा. चांगल्या फळीवर कोणी रंधा शिकतं का?”

सुताराच्या जिवात एवढा जीव आला, की त्याने चहा स्वतः केला.

संध्याकाळी दोघं गेली. जाऊबाई अंथरुणावर उरल्या होत्या त्या डोळ्यांपुरत्या. पण डोळे शाबूत.

“जाऊबाई, छान दिसताय हो आज.”

“एवढं गोड?” जाऊबाईंनी भुवई चढवली. “काय हवंय? कपाट हवं असेल तर मी गेल्यावर ने. जरा दम धर.”

घोकून आणलेलं सगळं करवतीच्या तोंडातच विरघळलं. आता भडका उडणार, म्हणून सुताराने डोळे मिटले.

“छान कसल्या? काटकी झालीय तुमची,” करवत म्हणाली. मग आवाज उतरला. “त्या दिवशी पेटीपाशी मी बोलले, ते पाप होतं. भाऊजी तुमच्यापाशी सुखात होते. मला ते दिसत होतं, म्हणूनच जळले. क्षमा करा.”

या वेळी शेवटी ‘हो’ नव्हता.

जाऊबाई बराच वेळ तिला निरखत राहिल्या. बाजारात खोटं नाणं निरखावं तशा.

“आत्ता ओळखलं तुला,” त्या म्हणाल्या. “बस. पण आधी उशी सरळ कर.”

सुताराच्या नजरेला खोड होती: निजलेलं माणूस दिसलं, की ती डोक्यापासून पायापर्यंत माप घेऊन मोकळी होई. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि निघेपर्यंत वळवलं नाही.

जाऊबाईंचं माप पुढे लवकरच घ्यावं लागलं.

पेटी बाहेरून आरशासारखी करायची आणि आतून खरबरीत सोडायची, ही सुताराची रीत. आत कापड लागतं. बघायला कोण जातं? त्या सकाळी तो पॉलिशचा डबा घेऊन आला, तर करवत पेटीत कमरेपर्यंत वाकून पॉलिशपेपरने आतली बाजू घासत होती. केसांत भुसा.

“अगं, वरून कापड येणार. कोणाला कळणारेय?”

फळीवरून तळहात फिरवत ती एका जागी थांबली, आणि तिथे पुन्हा घासायला लागली.