बाळ्याचा भार

शेजारीण भर रस्त्यात चिखलात बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. चिखलही तिचाच. तिच्या विहिरीची मोटर सकाळपासून चालू, पाट फुटून पाणी आमच्या फाटकापर्यंत आलेलं. वैरणीचा भारा एकीकडे, विळा एकीकडे आणि समोर आमचा कुत्रा बाळ्या उभा, ही बाई अशी मधेच का बसली म्हणून तिच्या तोंडाकडे बघत.

"फाडलं गं मला! खाल्लं!"

"कुठं चावला ते दाखवा," मी म्हटलं.

"चावायची वाट बघू होय? धडक दिली मेल्यानं!"

धडक नव्हतीच ती. बाळ्या रेलतो. माणूस आवडलं की त्याच्या मांडीला अंग टेकवतो आणि सगळा भार सोडून देतो. आता ते अंग वाढत्या वासराएवढं, त्याला तो तरी काय करणार? पण हे लोकांना सांगायची सोय नव्हती. राखणीची विलायती जात, काळं तोंड, रुंद जबडा. त्याला बघून लोक वाट बदलायचे आणि वर आम्हालाच शिव्या द्यायचे.

तो दगडखाणीवरचा. माझे सासरे तिथे रात्रपाळीचे राखणदार होते. खाण बंद पडली तेव्हा मालकानं यंत्रं नेली, कुत्रा टाकून गेला. सासरे त्याला घरी घेऊन आले, आणि मी घर डोक्यावर घेतलं. एवढ्या धुडाला घालायचं काय? मग एका सकाळी सासऱ्यांची डावी बाजू गेली. नवरा आणि मी दोन्हीकडून धरून उठवायचो, तर ते आम्हाला झिडकारायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. शेवटी एकदा बाळ्याच खाटेशी गेला आणि त्यांच्या लुळ्या बाजूला रेलून उभा राहिला. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात टाकला आणि उठले. आता दोघं मिळून गोठ्यापर्यंत जातात. दूध कमी काढलं म्हणून ते पुन्हा माझ्यावर ओरडले, त्या दिवशी मला रडू आवरेना.

शेजारणीचा दीर गावचा पुढारी. संध्याकाळी निरोप आला, उद्या बैठक आहे, कुत्रा गावाबाहेर गेला पाहिजे.

"देऊन टाकू," नवरा म्हणाला. "वीटभट्टीवाला न्यायला तयार आहे. साखळीला बांधून ठेवीन म्हणतो."

"आणि मामंजींना उभं कोण करणार? तुम्ही?"

"मग काय गावाशी वैर घेऊ?"

सासरे खाटेवरून सगळं ऐकत होते. सकाळी त्यांनी धुतलेला सदरा मागितला.

घरापासून पिंपळाखालच्या मोकळ्या जागेपर्यंत ते बाळ्याच्या आधारानं चालत गेले. लोक दोन्ही बाजूंना पांगले. सासरे कट्ट्यावर टेकले आणि बाळ्या मोकळा झाला. तो सरळ गेला पुढाऱ्याकडे आणि त्याच्या मांडीला रेलला. पुढाऱ्याचा रंगच उडाला. वर गेलेला हात खाली आणायचा कुठे, हे त्याला कळेना. शेवटी तो बाळ्याच्या डोक्यावर टेकला. पोरं हसली. मग एकानं कान ओढला, एकानं शेपूट.

"अरे, हे तर मांजर आहे!" कुणीतरी ओरडलं.

बाळ्या राहिला. पुढाऱ्यानं आपला मान राखायला एक अट घातली, रात्री फाटक बंद पाहिजे. नवऱ्यानं त्याच दिवशी नवी कडी बसवली.

ऊन वाढलं, जमिनीला भेगा पडायला लागल्या. एका रात्री बाळ्या भुंकायला लागला. अख्खी गल्ली जागी होईल असा भुंकला. नवरा बॅटरी घेऊन उठला, अंगणात गेला, फाटकापाशी थांबला. पुढाऱ्याची अट मोडून कडीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. बाहेर एकाही घरात दिवा लागला नाही. मांजर ओरडतंय म्हणून सगळे कूस बदलून झोपले.

सकाळी शेजारणीच्या विहिरीवर मोटर नव्हती. आमच्याच फाटकासमोरून ओढत नेल्याच्या खुणा होत्या. आतून फाटकाची फळी खरवडून निघालेली आणि बाळ्याची दोन नखं रक्तानं भरलेली. मी हळद लावत होते, तेवढ्यात शेजारीण आली.

"एवढा रेडा पाळलाय आणि चोर बिनधास्त जातात? काय कामाचा मग हा?"

"भुंकत होता तो. तुम्ही ऐकलं नाही?"

ऐकलं होतं तिनं.

मागून पुढारी आला. "साखळीला बांधा त्याला," तो म्हणाला. "चार दिवस उपाशी ठेवा, काठीनं डिवचा. मग बघा कसा तिखट होतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काल मऊ नाही म्हणून काढायला निघाले होते, आज तिखट नाही म्हणून मारायला निघाले.

"काठी मला मारा आधी," सासरे दारातून म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द कळले सगळ्यांना. पुढारी आला तसा निघून गेला.

शेजारीण गेली नाही. "वांगी उभी आहेत माझी," ती म्हणाली. "आठ दिवस पाणी नाही मिळालं तर वाळून जातील." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

बाळ्या माझ्या हातातून पाय सोडवून उठला. लंगडत तिच्याकडे निघाला. ती मागे सरकली, तिची पाठ फाटकाला लागली. बाळ्यानं तिच्या मांडीला अंग टेकवलं आणि भार सोडला.

"काढा ह्याला! पडेन मी!"

"पाय रोव," सासरे म्हणाले. "घट्ट रोव. मी पडलो का कधी?"

तिनं डोळे मिटून घेतले आणि पाय रोवले. बराच वेळ दोघं तशीच उभी होती. मग ती मला म्हणाली, "रात्री ती कडी लावू नकोस गं."