दुपारचे मासे

पाटीएवढ्या पडद्यावर निळं पाणी होतं आणि प्रत्येक माशाच्या पोटावर एक अक्षर. सारख्या अक्षराचे दोन मासे शोधून बोट लावलं की गुण मिळायचे. ठकीला अक्षरं कुठंच स्थिर दिसत नसत. पुस्तकात त्यांच्यापायी ती बोलणी खायची. इथं निदान दोष माशांचा होता. रविवारच्या वाचनवर्गाच्या बाईंनी हा खेळ घरी दिला होता आणि युक्तीही शिकवली होती: घाई नको, मासा वळू दे. रोज सकाळी ठकी त्या पाण्यात इतकी बुडून जायची, की शेजारच्या दुधावर जाड साय धरायची.

खेळातली महिन्याची सरासरी साठच्या वर गेली तर वाचनाचा वरचा वर्ग, नाहीतर पुन्हा तोच.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचा. संध्याकाळी काम आवरलं की दुकानातच तो तिला होडीचं पुस्तक वाचून दाखवायचा. भोवती सगळ्या भिंतींची टिकटिक, आणि होडी कधी चंद्रावर जायची, कधी समुद्रतळाशी झोपलेल्या गावात. एकाच पुस्तकात रोज नवी गोष्ट कशी, असं विचारून हातचं घालवण्याइतकी ठकी वेडी नव्हती.

महिनाअखेरीस बाईंनी आकडे काढले. "सकाळी सत्तर आणि दुपारी तीस? सरासरी पन्नासच की! ठके, दुपारी तुला होतं तरी काय?"

दुपारी ठकी शाळेत असायची आणि खेळ बाबाच्या दुकानात. तिला सगळं कळलं, पण बापाचं नाव घ्यायचं कसं?

तिला न्यायला आलेला बाबा दारातून पुढं झाला. "दुपारचे मासे माझे, बाई. म्हटलं, पोरीचे गुण जरा वाढवावेत. करायला गेलो काय नि झालं काय... मलाही अक्षरं धरता येत नाहीत. कधीच आली नाहीत."

केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारा हात त्यानं पाठीमागं लपवला.

बाईंनी दुपारचे आकडे खोडले. ठकी वरच्या वर्गात गेली. "आणि तुम्हीही येत चला हो तिच्याबरोबर," त्या बाबाला म्हणाल्या.

त्या संध्याकाळी होडीचं पुस्तक ठकीनं स्वतः उघडलं. एकेक अक्षर वळू देत शेवटच्या पानापर्यंत गेली.

"बाबा, यातली होडी काठ सोडतच नाही रे!"

बाबानं मान खाली घातली. ठकीनं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. सुलटं की उलटं, पाहिलंही नाही.

"आता तू वाच. चंद्रावरचं."