दर किलोमीटरला आठ फेरे

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. पण गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला, गाडीसकट, ते काहीतरी शिकवूनच परत पाठवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा कॉलेजात गणित शिकवायचा. गाडीत पेट्रोल कुठून घालतात एवढं त्याला माहीत होतं, आणि तेही तो अधूनमधून विचारून घ्यायचा. आपल्या मागे गॅरेजला टाळं लागणार, असं मास्तर धरूनच चालले होते. तेवढ्यात याच मुलाने गाड्यांचं इंजिनिअरिंग केलेली बायको घरात आणली. मास्तरांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मुलाकडे कौतुकाने पाहिलं, असं सासूबाई अजून सांगतात.

सहा वर्षं सासरा आणि सून एका छपराखाली काम करत होते आणि दोघांचं छान जमलं होतं. तो कानाने आणि हाताने गाडी ओळखायचा, ती लॅपटॉप जोडून. दोघांचं निदान बहुतेक वेळा एकच निघायचं.

गुरुवारी दुपारी दातांच्या डॉक्टरबाई त्यांची हिरवी स्पोर्ट्स कार घेऊन आल्या. गाडी सव्वीस वर्षांची, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी जमिनीला नमस्कार घालावा लागे. पण चारही चाकांना इंजिनची ताकद मिळायची, आणि ओल्या घाटातसुद्धा ती रस्ता सोडत नसे. आता मात्र तिला एक खोड लागली होती. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी थरथरायची, टायर किंचाळायचे, आणि मागून कोणीतरी पदर धरून ओढल्यासारखी ती जागीच अडायची.

"दोन मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटून देणारं ते मधलं कपलिंग जाम झालंय म्हणतात. आणि तो पार्ट आता कुठेच बनत नाही. शनिवारी पाच वाजता जुन्या गाड्या सुट्या करून विकणारा एकजण ट्रक घेऊन येतोय. तोवर तुम्ही बघा. तीस वर्षं लोकांचे दात काढले, डोळ्यात टिपूस आलं नाही. हिच्यासाठी बहुतेक रडेन."

मास्तरांनी गाडी फिरवून आणली, अंगणात एक वळण घेतलं, आणि खाली उतरले. "गेलंय," ते म्हणाले. मास्तरांनी 'गेलंय' म्हटलं की ते गेलेलंच असायचं.

शुक्रवारी सकाळी सूनबाईंनी तीच गाडी अंगणात पूर्ण वळवून पाहिली. गाडी लोण्यासारखी वळली. ना थरथर, ना किंचाळी.

"बाबा, जाम झालेलं कपलिंग सकाळी मोकळं कसं झालं?"

"थंड असताना सगळेच शहाणे असतात," मास्तर म्हणाले आणि दुसऱ्या एका गाडीच्या ब्रेककडे वळले.

पण तिच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. कायमचं जाम असतं तर थंडपणीही अडलं असतं. म्हणजे ते तापल्यावर आवळतं. मग ते तापतं कशाने? पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात ती वळणावर; सरळ रस्त्यावर ती सारखीच फिरतात, तेव्हा मधल्याला काही कामच नसतं. दोन भाऊ गुण्यागोविंदाने नांदत असले की मध्यस्थाने पाय पसरून बसावं, तसं. इथे मध्यस्थ घामाघूम होत होता. भावांत भांडण होतं, पण कुठे?

शुक्रवारचा दिवस तिने त्या भांडणाच्या शोधात घालवला. तेल काढून पाहिलं, बेअरिंग पाहिले, मागचे ब्रेक चिकटत नाहीत ना ते पाहिलं. सगळं ठणठणीत. शनिवारी सकाळी लॅपटॉप जोडून सरळ रस्त्याने गाडी पळवली, आणि पडद्यावर आकडे आले. पुढची चाकं साठ, मागची एकसष्ट.

सेन्सर खोटं बोलताहेत, असं तिने ठरवून टाकलं. चारही काढून, पुसून, पुन्हा बसवले. पुन्हा साठ आणि एकसष्ट. तोपर्यंत बारा वाजले होते, घड्याळातही आणि तिच्या चेहऱ्यावरही.

मास्तर घरी जेवायला आणि नंतरच्या डुलकीला गेले. ती डबा घेऊन गाडीशेजारी जमिनीवरच बसली. मागचं चाक अगदी डोळ्यांसमोर आलं. खाचा चांगल्याच झिजलेल्या. घास हातात घेऊन तिने पुढच्या चाकाकडे पाहिलं. तिथल्या खाचा खोल, नव्याकोऱ्या. घास डब्यात परत गेला.

हिवाळ्यात एका पुढच्या टायरला फुटपाथची कड लागून चीर पडली होती, तेव्हा पुढचे दोन्ही टायर नवे टाकले होते. मागचे अजून वर्षभर सहज चालतील म्हणून तसेच ठेवले. साध्या गाडीला तेवढंच करतात आणि कोणी नाव ठेवत नाही. टायर बसवले होते मास्तरांनी.

तिने खडू घेतला. पुढच्या आणि मागच्या टायरवर जमिनीला टेकतो तिथे एकेक खूण केली, जमिनीवरही केली. मग गाडी न्यूट्रलला टाकून खांद्याने ढकलली आणि एकेका चाकाचा एक फेरा पुरा झाला तिथे पुन्हा खूण केली. टेप लावली. पुढच्या चाकाचा फेरा एक मीटर शहाण्णव. मागच्याचा एक मीटर त्र्याण्णव. तीन सेंटीमीटरचा फरक. म्हणजे दर किलोमीटरला मागच्या चाकांना आठ फेरे जास्त मारावे लागत होते, आणि ते आठ फेरे मधलं बिचारं कपलिंग, किलोमीटरमागून किलोमीटर, अंगावर घेत होतं. तापणार नाही तर काय!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दीड दिवस तिने गाडीचा कोपरान् कोपरा तपासला होता, फक्त टायर सोडून. मास्तरांनी बसवलंय म्हणजे बरोबरच असणार, हे तिने मनाशी म्हटलंसुद्धा नव्हतं, इतकं ते तिच्या हाडात मुरलं होतं. गाडी वाचणार म्हणून तिला नाचावंसं वाटत होतं, पण मास्तरांना हे सांगायचं कसं?

गॅरेजमागच्या ढिगात त्याच मापाचे चार जुने टायर होते, चारही सारखेच झिजलेले. तिने ते चढवले, वीस किलोमीटर गाडी पळवली आणि तापलेली गाडी अंगणात आणून स्टिअरिंग पूर्ण वळवलं. गाडी गुपचूप वळली. तिने तीन चकरा मारल्या, तिसरी नुसती हौस म्हणून.

उतरते तर दारात मास्तर उभे. त्यांनी गाडीच्या चाकांकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या खडूच्या खुणांकडे पाहिलं.

"पाणी पिऊन येतो," ते म्हणाले आणि आत गेले. त्यांना किती कळलं ते तिला कळेना.

साडेचारला डॉक्टरबाई हजर झाल्या. गाडीचे कागद हातात, डोळे आधीच लाल.

"ट्रकवाल्याला नको म्हणून सांगा," सूनबाई म्हणाल्या. "कपलिंग चांगलं आहे. चार सारखे टायर टाकले की झालं. ते पुढचे नवे टायर आणि मागचे यांच्यात जरा फरक पडला होता. कंपनीकडून असं होतं कधीकधी..."

"कंपनीने काही केलेलं नाही." मास्तर पाणी पिऊन परत आले होते. "टायर मी बसवले होते. या गाडीला चारही बदलायला हवे होते, मी दोनच बदलले. चूक माझी. त्यावर मीच गाडी गेली म्हणून सांगितलं, तीही माझीच. शोधून काढलं ते हिने."

डॉक्टरबाईंनी गाडीचे कागद पर्समध्ये कोंबले. मग खुर्चीवर बसल्या आणि खो खो हसत सुटल्या.

"मास्तर, मी एकदा एका माणसाचा शेजारचा चांगला दात कोरून ठेवला होता. आजवर कुणाला बोलले नाही. तो अजून प्रत्येक किडक्या दातासाठी माझ्याकडेच येतो!"

त्यांनी ट्रकवाल्याला फोनवरून वाटेला लावलं आणि जायच्या आधी अंगणात गाडी गोल गोल फिरवली, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारख्या ओरडत.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मास्तर म्हणाले, "कंपनीकडून असं होतं, काय?"

सूनबाई खाली बसून खडूच्या खुणा पुसायला लागल्या.

"टायर सोडून सगळं तपासलंस. का?"

"तुम्ही बसवले होते, बाबा."

मास्तर स्टुलावर बसले. थोडा वेळ दोन्ही तळवे फडक्याला पुसत राहिले. "चूक झाली याचं मला एवढं वाटत नाही. चूक कुणाची होत नाही? पण माझी चूक तुला दिसू नये, आणि दिसल्यावर तुला ती झाकावीशी वाटावी, इतका मी तुझ्या डोक्यावर बसलोय. त्याची लाज वाटते बघ."

"डोक्यावर नाही बसलात."

"खरं सांग."

"थोडेसे," ती म्हणाली.

मास्तर मनापासून हसले. मग उठून कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीपाशी गेले. "हिचे ब्रेक काल-आज मी केलेत. सहा वाजता गिऱ्हाईक येईल. तपास."

"बाबा, उगाच कशाला..."

"तपास म्हटलं ना."

तिने गाडी जॅकवर उचलली. मास्तर हात मागे बांधून उभे राहिले. पहिलं चाक काढलं, पाहिलं, ठीक होतं. दुसरंही ठीक. घाईघाईने पाहणं त्यांना आवडलं नसतं, म्हणून ती प्रत्येक ठिकाणी बॅटरीचा उजेड पाडून निवांत बघत होती. तिसऱ्या चाकाशी तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही, विचारही केला नाही.

"बाबा, ब्रेकची ही क्लिप अर्धीच बसलीय."

मास्तर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. चष्मा वर केला, खाली केला आणि बराच वेळ पाहिलं.

"अर्धी नाही, पाऊण," ते म्हणाले, आणि पक्कड तिच्या हातात दिली.