व्ह्यूफाइंडरचं बारीक चाक

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव, आणि तिशी उलटली तरी ते खोटं ठरेल असं तिनं काही केलं नव्हतं. चहासुद्धा ती खोल्याखोल्यांतून फिरत प्यायची आणि कप भलत्याच खिडकीत सापडायचा. अशा बाईला कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहिण्याचं काम मिळालं हे बरंच झालं. दिवसभर हिंडायचं, दिसेल ते टिपायचं, आणि मग त्या बिचाऱ्या यंत्राच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या.

या खेपेला आलेला कॅमेरा ब्रिज जातीचा होता. दिसायला मोठ्या कॅमेऱ्यासारखा ऐटबाज, पण लेन्स कायमची चिकटलेली, आणि झूम असा की गल्लीच्या टोकाला उभ्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजावीत. ‘रोजच्या वापराला चालेल का?’ एवढंच संपादकांना हवं होतं, आणि तेही सोमवारी सकाळी. भिंगरीनं त्याची पुरती झडती घेतली. उन्हात फोटो झकास येत. लांबच्या पाण्याच्या टाकीवरचा गंजही दिसे. पण घरात दिवे लागले की चेहऱ्यांवर वाळू सांडल्यासारखे ठिपके येत, आणि पळत्या मांजरावर याची नजर ठरेपर्यंत मांजर पलीकडच्या घरात पोचलेलं असे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या,’ असं तिनं लिहिलं. मग पुन्हा एक चक्कर मारून आली आणि ते खोडलं, कारण सहलीला न्यायला एकच वस्तू पुरते ही काही लहान गोष्ट नव्हती.

तिचा खरा राग होता तो एका चाकावर. डोळा लावून बघायच्या खिडकीला व्ह्यूफाइंडर म्हणतात, त्याच्या शेजारी एक बारीक चाक असतं. ज्याची जशी नजर तसं ते अधिकच्या किंवा उण्याच्या खुणेकडे फिरवायचं, म्हणजे आतलं चित्र त्याला स्पष्ट दिसतं. फोटोशी त्याचा संबंध नाही. भिंगरीचे डोळे धड होते, त्यामुळे तिनं पहिल्याच दिवशी ते मधोमध ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा लावला तर सगळं धूसर, आणि चाक उण्याच्या टोकाला गेलेलं. तिनं जागेवर आणलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, चौथ्या दिवशीही तेच. ‘चाक सैल आहे, आपोआप फिरतं, असला माल लोकांच्या गळ्यात मारू नये,’ असं तिनं फणकाऱ्यानं लिहून टाकलं.

रविवारी दुपारी ती हेच तावातावानं आईला सांगत होती. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“सैल नाही काही,” आई म्हणाली. “बाबा फिरवतात. रोज पहाटे खिडकीत उभे असतात तुझा कॅमेरा डोळ्याला लावून. म्हातारपणी खेळणं मिळालंय. तू चिडशील म्हणून मी बोलले नाही.”

भिंगरीला हसू आलं. बिचाऱ्या कॅमेऱ्यावर उगाच आळ घेतला, आता ते वाक्य काढायला हवं, असं म्हणत ती लिहायला गेली. पण हात थांबला. उण्याच्या टोकाला चाक नेतो तो ज्याला लांबचं दिसत नाही असा माणूस. आणि बाबा शाळेची बस चालवत होते.

ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली, परत आली, पुन्हा गेली. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय. गेल्या काही महिन्यांत त्यांचा वाचायचा चष्मा सुटला होता आणि घरात त्याचं कोण कौतुक चाललं होतं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, की यांचं वय उलटं चाललंय. भिंगरीनं आत जाऊन ओळखीच्या चष्मेवाल्याला फोन लावला.

“साठीच्या आसपास जवळचं एकदम छान दिसायला लागलं ना, तर आम्ही खूश होत नाही,” तो म्हणाला. “बऱ्याचदा मोतीबिंदू असतो. लांबचं अंधुक होत जातं. घेऊन ये लवकर.”

तिनं चाक मधोमध आणलं आणि कॅमेरा बाबांच्या हातात दिला.

“बाबा, खिडकीतून टाकीखालच्या पाटीवर काय लिहिलंय बघा बरं.”

बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांचा अंगठा न शोधता नेमका चाकावर गेला आणि ते टोकापर्यंत फिरलं. “‘आत येण्यास मनाई आहे’,” त्यांनी खणखणीत वाचलं.

“आता कॅमेरा खाली ठेवा. कोपऱ्यावरच्या खांबापाशी कोण उभं आहे?”

बाबांनी डोळे बारीक केले. “कोणी नाही.”

खांबापाशी एक बाई उभी होती, कडेवर मूल घेऊन.

“बाबा, तुम्हाला दिसत नाही.”

“अगं, तो रस्ता पायाखालचा आहे माझ्या. डोळे मिटून नेईन मी बस.” दारात आलेल्या आईच्या हातातली घडी तशीच राहिली.

मग बाबा हळू आवाजात बोलायला लागले. परीक्षा होऊ देत, म्हणाले. सुट्टी लागली की डोळे दाखवतो. आत्ता सांगितलं तर त्या जागी दुसरा माणूस येईल आणि मग ती जागा परत मिळायची नाही. “घरात बसून मी काय करू, सांग. मला बसवत नाही. तुझ्या यंत्रातून पहाटे सगळं असं लख्ख दिसतं, की वाटतं काही झालेलंच नाही मला.”

भिंगरीला ही न बसण्याची खोड कुणाकडून आली ते सांगायला नको. बाप असा अजिजी करताना तिनं कधी पाहिला नव्हता आणि तिला ते बघवेना. थोडेच दिवस, तिच्या मनात आलं. हळू चालवतील. इतकी वर्षं एक ओरखडा नाही गाडीला. “अगदी सावकाश चालवाल?” असं ती विचारणारच होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादा होता. दादाचा आवाज मुळातच असा की फोन कानाला लावला काय नि टेबलावर ठेवला काय, ऐकू सगळ्यांना जातं.

“बाबांना समजाव जरा. महिना झाला, चिमीला बसमध्ये घेत नाहीत. जागा नाही म्हणतात. माझी रोज सकाळी तारांबळ उडते. काल शाळेत विचारलं, तर म्हणे बस निम्मी रिकामी असते.”

“नंतर बोलते,” म्हणून तिनं फोन ठेवला.

चिमी म्हणजे दादाची मुलगी, बाबांचा जीव की प्राण. बाबांनी पेपर उघडला, मिटला, पुन्हा उघडला. भिंगरी पहिल्यांदाच एका जागी उभी होती.

“तिला उतरवलंत,” ती म्हणाली. “आणि बाकीची पोरं?”

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. तिला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि दोन्हीपैकी काहीच तिला जमत नव्हतं.

“मी कळवू शाळेत?”

“नको,” बाबा म्हणाले. “मीच सांगतो.”

त्यांनी शाळेत फोन लावला. बसचं काम पाहणारे साहेब पलीकडून लगेच बोलले. बाबा म्हणाले, “उद्यापासून मी येणार नाही. दुसरं कोणी बघा.”

“का हो, ताप वगैरे आलाय का?”

हो म्हणणं फार सोपं होतं. बाबांनी भिंगरीकडे पाहिलं, मग आईकडे.

“नाही. मला लांबचं दिसत नाही.”

“कधीपासून?” साहेबांनी विचारलं.

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “बरेच दिवस झाले,” ते म्हणाले.