खोली जेवत नाही

हेरंब सप्र्यांनी आजवर सजवलेल्या सगळ्या खोल्या मुकाट उभ्या राहिल्या. पण जळगावच्या पुंडलिकशेठ भंगाळ्यांची जेवणाची खोली पॉलिश वाळायच्या आतच जेवायला लागली. आधी तिनं टेबलावरचा केळ्यांचा फणा खाल्ला, सालींसकट. मग पुंडलिकशेठांनी हौसेनं फायरप्लेसच्या दगडी तोंडात भरीत-भाकरी सरकवली, तीही गेली. घरात आनंदीआनंद झाला. खोलीनं खाल्लं की घरच्यांची पोटं भरायची. ढेकर तेवढा धुराड्यातून यायचा.

सप्र्यांना फोन आला तो मात्र काळजीचा होता.

"साहेब, खोली जेवत नाहीये," पुंडलिकशेठ म्हणाले. "परवापासून पानाला शिवली नाही. तुम्ही या बुवा."

सप्रे "येतो" म्हणाले. नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. या खोलीचंही तसंच झालं होतं. पुंडलिकशेठ केळ्यांचे बडे व्यापारी. कुठल्याशा मासिकातून बर्फातल्या घराचं चित्र कापून ते सप्र्यांकडे आले होते. काळ्या दगडाची फायरप्लेस, चारी भिंतींना लाकूड, मध्ये लांबलचक टेबल. जळगावात, जिथं वैशाखात कावळासुद्धा सावली सोडत नाही, तिथं शेकायला दगडी चूल! चित्र बघताना सप्र्यांना किळस आली होती, आणि तोंडातून निघालं होतं, "छान होईल."

दुपारी ते पोचले तर खोलीच्या दारातच खवट तुपाचा वास नाकात घुसला. सागाच्या फळ्यांना घाम सुटला होता. घाम दाट होता, बोटाला चिकटत होता आणि वाळला की पांढरा पडत होता. फायरप्लेसमधली काजळी मऊ पडली होती. तापात जिभेवर साचतं तसं किटण तिच्यावर चढलं होतं. पुंडलिकशेठांची बायको, निर्मलावहिनी, समोर पाटावर बसून खराट्याच्या काडीनं दगडांचे सांधे कोरत होत्या. वांग्याचे धागे, शेवेचे भिजके तुकडे निघत होते, ते त्या वाटीत काढून ठेवत होत्या.

"रोज कोरावं लागतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर तोंडाला वास येतो. सांधे जरा रुंद ठेवलेत बघा तुम्ही."

"चुकलंच," सप्रे म्हणाले. वाटीकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि पुन्हा पुन्हा बघितलं.

आलोच आहोत तर काहीतरी करावं म्हणून त्यांनी मापाचा टेप काढला आणि टोक फायरप्लेसच्या कडेला लावलं. दगडानं टोक ओठांत धरलं आणि शेवई ओढावी तसा सगळा टेप सुर्रकन आत ओढला. डबी थुंकून टाकली.

पुंडलिकशेठ खो खो हसले. "भूक आहे हो तिला. हट्ट करतेय नुसती."

"आप्पा दिसत नाहीत?" सप्र्यांनी विषय बदलला. आप्पा म्हणजे पुंडलिकशेठांचे वडील. मागच्या खेपेला ते याच टेबलाशी बसून सुपारी कातरत होते.

"हे काय, बसलेत की." वहिनींनी काडीनंच खिडकीशेजारची भिंत दाखवली.

आप्पा तिथं बसलेले होते. पाठ भिंतीत गेली होती. फळ्या दोन्ही बाजूंनी पुढं येऊन छातीवर मिटल्या होत्या, गुडघ्यांवरून खाली उतरल्या होत्या. टोपी अजून कापडाची होती. कपाळावरच्या आठ्या सागाच्या रेषांत इतक्या बेमालूम मिसळल्या होत्या, की असा जोड सप्र्यांच्या सुताराला सात जन्मांत साधला नसता. तोंडाच्या जागी लाकडाची गाठ होती. ती ओली होती.

"पान संपवलं, हात धुवायला उठायला हवं होतं," पुंडलिकशेठ म्हणाले. "उठेचनात. बसले ते बसले."

"आता वेगळं वाढावं लागत नाही त्यांना," वहिनी म्हणाल्या. "पथ्यपाणीही सुटलं."

सप्र्यांनी सभ्यपणे घड्याळाकडे पाहिलं. "उद्या सुताराला घेऊन येतो. तोच बघेल नीट."

"सुतार काय करणार डोंबल! हे तुमचंच काम आहे. परवा वास्तुशांतीला गवंडी जेवले, सुतार जेवले, पॉलिशवाले दोनदा जेवले. तुम्ही ताक पिऊन सटकलात. करणारा उपाशी गेला, मग ती कोणत्या तोंडानं जेवेल? मानी आहे ती."

हे खरं होतं. त्या दिवशी पंगत बसली तेव्हा आपणच उभी केलेली ती खोली सप्र्यांना बघवली नव्हती. पोट बिघडल्याचं सांगून ते मागच्या दारानं निघून गेले होते.

"माझी आज एकादशी..."

"आज षष्ठी आहे, भाऊ," वहिनी म्हणाल्या आणि ताट मांडलं.

वरण, बट्ट्या, घोटलेलं वांगं, वरून तूप. सप्रे खुर्चीवर टेकले. बैठक कोमट होती, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. त्यांनी बट्टी कुस्करली, पहिला घास घेतला. पाठीमागं फायरप्लेसमध्ये मचमच आवाज झाला.

"जेवली! अगं, जेवली!" पुंडलिकशेठांनी टाळी वाजवली.

सप्र्यांनी घास गिळला तेव्हा भिंतींनीही गिळला. छतापासून जमिनीपर्यंत फळ्यांखालून एक उंचवटा सरकत गेला, आणि तो खाली पोचला तेव्हा खोली आवळली. टेबल सप्र्यांच्या पोटाला लागलं. दाराची चौकट फुगली. आतापर्यंत दोन माणसं जोडीनं बाहेर गेली असती; आता एकच जाऊ शकला असता.

त्यांनी दुसरा घास घेतला. बट्टीला पॉलिशची चव होती. तिसऱ्यात एक पांढरा केस निघाला, लांब. तो त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला आणि वहिनींना वाईट वाटू नये म्हणून त्यावर वांगं ओढलं. भिंती पुन्हा गिळत्या झाल्या. दारातून आता अंग चोरूनच निघता आलं असतं.

उठायचं तर आत्ताच, हे त्यांना कळत होतं. ताट पुरं झालं की आप्पांशेजारची जागा. ती रिकामी होती. तिथल्या फळ्या जरा विलग होऊन थांबल्या होत्या.

"लाजताय काय, साहेब?" पुंडलिकशेठ म्हणाले. त्यांच्या हनुवटीवर तूप चकाकत होतं आणि त्यांनी तर काहीच खाल्लेलं नव्हतं. "घ्या अजून. घरचेच आहात तुम्ही."

"छान झालंय," सप्रे म्हणाले. त्यांना दुसरंच म्हणायचं होतं.

"मग हात का थांबला? आवडलं नाही वाटतं."

"नाही, नाही." त्यांनी घाईनं घास घेतला.

टेबलाची कड बरगड्यांत रुतली. खिडकीशेजारची ओली गाठ हलली. तिच्यातून हळूच, समाधानानं, मचमच आवाज येऊ लागला. एक ओशट थेंब गाठीवरून निघाला, फळीवरून ओघळला आणि जमिनीवर पडायच्या आत लाकडानं शोषून घेतला. दाराची फट अजून होती. तिच्यातून अंगणातल्या उन्हाची पट्टी दिसत होती.

वहिनी तुपाचं भांडं घेऊन वाकल्या.

"पुरे!" सप्रे ओरडले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला असं तोंडावर सांगितलं होतं. तळहात पसरून त्यांनी ताट झाकलं. खोली चावायची थांबली. पुंडलिकशेठांचं हसू तोंडावरच राहिलं.

भांडं मात्र कललं होतं. कढत तुपाची धार सप्र्यांच्या हातावर पडली. चटका बसला नाही. तूप ओघळलंही नाही. पडलं तिथंच मुरत गेलं, आणि मनगटापासून बोटांपर्यंत सागाच्या रेषा एकेक करून उजळत गेल्या.

"अगंबाई, सांडलं का?" म्हणत वहिनींनी पदराचं टोक हातावरून फिरवलं.

"आडवं नको, वहिनी," सप्रे हळूच म्हणाले. "रेषेच्या दिशेनं पुसा."